गवारीच्या चार शेंगा

इंदापूरच्या एसटी स्टँडमागं, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली आहे : ‘धंद्याचा सल्ला मिळेल. वेळ घेऊन यावे. थापा मारू नयेत.’ शेवटचं वाक्य रंगाऱ्याला पटलं नव्हतं. तो म्हणाला, “तात्या, असलं लिवल्यावर जिना कोण चढंल?” मी म्हणालो, “ज्याला गरज हाय त्यो चढंल. बाकीच्यांसाठी शहरात एसी हॉल हायती.” आणि त्यालाच पटत नसलेल्या वाक्याची पूर्ण मजुरी कशाची, म्हणून मी त्या ओळीचे निम्मेच पैसे दिले. तो अजूनही मला रस्त्यात टाळतो.

लोक विचारतात, तुम्ही नक्की करता काय? शाळा अर्धवट सोडलेला माणूस दुसऱ्याला धंदा कसा शिकवतो? मी वरकुट्याचा. आमच्या घरात मेंढरं होती. ती विकून वडिलांनी शेती धरली आणि मी शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात दलाली धरली. माझं सगळं शिक्षण त्या बाजारात झालं. तिथं भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि त्याच्या आड बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असतात. त्यांच्यासमोर विकणारा तोंडानं म्हणतो, “पोरासारखी वाढवलीय, विकायचीच न्हाय.” त्याच वेळी त्याचं बोट सांगत असतं की आजच घेऊन जा. तोंड गर्दीसाठी बोलतं. बोट ज्याच्या हातात असतं त्याच्यासाठी बोलतं. हे मला मिसरूड फुटायच्या आधी कळलं होतं.

पुढं ओळखीची माणसं सल्ल्याला येऊ लागली. कुणाला दूध डेअरी काढायची, कुणाला मोबाईलचं दुकान, कुणाला शेततळ्यात मासे सोडायचे. प्रत्येक जण सोबत एक मेहुणा नाहीतर चुलता घेऊन यायचा आणि त्याच्यासमोर बोलायचा. “समाजासाठी काहीतरी करावं म्हणतो,” “पोरांना हाताला काम मिळावं.” ऐकून माझं डोकं फिरायचं. एके दिवशी मी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर टाकला आणि म्हणालो, “हात घाल आत. एक बोट दाबलंस तर पोटासाठी धंदा करतोस. दोन म्हणजे घरच्यांसाठी. तीन म्हणजे भावकीला दाखवायला. चार म्हणजे तुझी सोताची हौस, दुसरं काय बी कारण न्हाय. आता खरं सांग.”

तेव्हापासून माझी ही पद्धत झाली. एक आणि दोनला मी धीरानं हिशेब मांडून देतो. तीन दाबणाऱ्याशी भांडतो, कारण भावकी कधीच पुरेसं बघत नाही आणि दाखवणारा दमत नाही. चारशी मात्र भाव करत नाही. ज्याला आतून हौस आहे त्याला अडवणारा मी कोण? त्याला मी एवढंच विचारतो, “मागची मेंढी कोणती?”

हे वडिलांचं. ते कळपाच्या पुढं कधी चालले नाहीत, मागं चालायचे. म्हणायचे, पुढची मेंढी कुठं पोचली त्याला महत्त्व नाही, लंगडी कुठं पोचली तिथं मुक्काम. लोक धंद्याचा आराखडा करतात तो सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकावर, सगळ्यात चांगल्या महिन्यावर. मी सांगतो, लंगडीवर करा. तुमच्या धंद्यात सगळ्यात आधी काय मागं पडेल ते शोधा आणि तिच्या चालीनं चाला. सवयींचंही तसंच. पहाटे उठायच्या सवयी मी कुणाला लावल्या नाहीत, आमच्याकडं सगळे पहाटेच उठतात. मी एकच सांगतो : ज्या माणसाला फोन करायची भीती वाटते त्याला दिवसाचा पहिला फोन करा. चहा नंतर.

एवढीच माझी विद्या. ती मी विकली, घासाघीस करून विकली. जो माझ्याशी फीवर भांडत नाही त्याला मी नीट बघून घेतो. तो बाहेर जाऊनही भांडणार नाही.

सुरेखा भांडली होती.

ती बारामतीजवळच्या पिंपळीची. घरची बागायत, वांगी-टोमॅटो, शिवाय सीताफळाची बाग. तिला भाजीच्या रोपांची नर्सरी काढायची होती. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, घेऊन ती बारामतीहून एसटीनं आली. आबा दाराजवळच्या बाकावर टेकले, ती समोर बसली आणि म्हणाली, “आमच्या आबांची इच्छा हाय, म्हणून नर्सरी काढायचीय.” आबांच्या तोंडावरून तर असं वाटत होतं की त्यांची इच्छा फक्त चहाची आहे.

मी पंचा पसरला, हात घातला आणि थांबलो. ती जागची हलली नाही.

“घाल की हात.”

“तात्या, परक्या माणसाच्या हातात हात देऊ? आबांच्या म्होरं?”

माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. बाजारात बायका भाव करायला नसतात, आणि माझ्या जिन्यावर तोवर एकही बाई चढली नव्हती. चूक माझी निघाली की मी चिडतो. “मग जा,” म्हणालो.

ती गेली नाही. फी किती ते विचारलं, जास्त आहे म्हणाली, खाली आणली, आणि मग पायाशी ठेवलेल्या बाजाराच्या पिशवीत हात घातला. मूठ बाहेर काढून ती पंच्याखाली नेली आणि मोकळी करून परत घेतली.

“आता चाचपा.”

मी चाचपलं. गवारीच्या शेंगा होत्या. तीन अख्ख्या आणि एक मोडलेली.

“हे अर्धं काय?”

“तीन भावकीसाठी,” ती हळूच म्हणाली. “जावांनी लई बोलून घेतलंय. पर अर्धी माझी हाय.”

दारातून आबा ओरडले, “काय ठरलं? किती म्हणली?”

“आबा, त्ये पंच्याखालचं असतंय,” ती म्हणाली. “तुमी च्या घ्या.”

माझ्या उभ्या जन्मात मला अर्धं बोट कुणी दाबलं नव्हतं. मला वाटलं, हिला बाजार कळतो.

नर्सरी निघाली, रोपं विकली जाऊ लागली. ती कधी अडचण सांगायला यायची, कधी नुसतीच. हळूहळू दुपारची बसायलाच लागली. टेबलाच्या पलीकडच्या अंगाला तिची खुर्ची आली, टेबलावर शेंगांची छोटी टोपली आली. मग जिन्यावर बायका दिसू लागल्या. पार्लरवाल्या, पापडवाल्या, झेरॉक्सवाल्या. गवार नसली की वाल असायचा, काहीच नसलं की काडेपेटीतल्या काड्या.

एकदा मिरची कांडपाची मशीन चालवणारी एक बाई आली. तिला दुसरी मशीन घ्यायची होती. शेंगा दोन ठेवल्या, म्हणजे घरासाठी. मी हिशेब सांगत होतो आणि ती प्रत्येक वाक्याला “व्हय तात्या, व्हय तात्या” म्हणत होती. मी विचारलं, “मी आत्ता काय म्हणलो?” ती म्हणाली, “व्हय तात्या.” माझा आवाज चढला. तेवढ्यात पाण्याचा तांब्या माझ्यासमोर सरकत आला. सुरेखानं सरकवला होता. मी प्यायलो. मी पितोय तोवर तिनं त्या बाईला विचारलं, “ताई, तुमची मशीन दिवसात किती वेळ बंद असती?” बाई पहिल्यांदा मोकळी बोलली. उन्हाळ्यात ऐन हंगामात लाईट जाते, बायका डबे घेऊन रांगेत बसून असतात. “मग दुसरी मशीन घेतली तर दोन मशीन बंद बसतील न्हवं?” सुरेखा म्हणाली. लंगडी मेंढी सापडली : लाईट. त्या बाईनं मशीन न घेता मिरच्या निवडून, वाळवून, दळून घरपोच द्यायचं काम धरलं. लाईट येईल तेव्हा दळायचं, रांग नाही. अजून करते.

तो तांब्या मग रोजचाच झाला. माझा आवाज जिन्यापर्यंत पोचायच्या आत तांब्या पोचायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं तात्यांना फार तहान लागते. मीही पुढं पुढं तिच्या हातावर डोळा ठेवून चिडायला लागलो. सरकवते का बघू. सरकवायची. कधी नाही सरकवायची, तेव्हा मी समजायचो की हा माणूस ओरडण्याच्या लायकीचाच आहे.

आम्ही दोघं भांडायचोही. भाकरीची फडकी सोडून बसलो की सुरू. ती म्हणायची शेंगा तिनं आणल्या, म्हणून पद्धत निम्मी तिची. मी म्हणायचो, पंचा नसता तर शेंगांची भाजी झाली असती. “मग झाली असती,” ती म्हणायची, “तुमची खोली तरी रिकामी राहिली असती.” असं तोंडावर बोलणारं माणूस मला दलालीत भेटलं नाही, घरात भेटलं नाही. मला वाटायचं, हे असंच चालणार.

एके दुपारी ती म्हणाली, “तात्या, मी आता सल्ला द्यायला बारामतीला बसणार.”

“का?”

“एसटीचा लई ताण होतोय. पिंपळीवरनं बारामती जवळ पडतं.”

मी तिच्याकडं बघितलं. हे तोंडानं सांगितलेलं कारण होतं. तांब्या टेबलावरच होता, पण तिनं सरकवला नाही, कारण मी चिडलोच नव्हतो. मी नुसता “बरं” म्हणालो. भाव न करता मी आयुष्यात दिलेली ती एकच गोष्ट.

खरं कारण काय, हे मी विचारलं नाही. तेच मला खात राहिलं. पैशासाठी गेली असेल तर एक. लेकरांसाठी गेली असेल तर दोन, मग माझं काही म्हणणं नाही. पण तीन असेल, मला दाखवायला गेली असेल, तर मला तिच्याशी भांडायचं होतं. रोज मनात भांडतही होतो. फक्त आकडा माहीत नव्हता, आणि आकडा माहीत नसताना भांडणारा दलाल मूर्ख.

ती गेल्यावर हायवेवरचा एक धाबेवाला आला, मेहुण्याला घेऊन. गावच्या पोरांना रोजगार मिळावा म्हणून एसी हॉल काढतोय म्हणाला. पंच्याखाली त्यानं तीन बोटं इतक्या जोरात दाबली की माझी अंगठी रुतली. मी म्हणालो, “शेजारच्या धाब्यानं एसी लावलाय वाटतं.” मेहुणा हसला. धाबेवाला लाल झाला. “तुमी बोटं मोजायचं पैसं घेता व्हय?” म्हणाला. मग मी जे बोललो ते खालच्या खतवाल्यानंही ऐकलं. बोलता बोलता माझा हात टेबलावर पुढं गेला, तांब्या घ्यायला. तांब्या पलीकडच्या बाजूला होता, रिकाम्या खुर्चीसमोर, ती ठेवायची तिथंच. हात पोचला नाही. धाबेवाला तणतणत जिना उतरला आणि त्यानं हॉल बांधलाच. आता त्यात कांद्याच्या पिशव्या असतात. एसटीतून जाताना दिसतात. माझं म्हणणं खरं ठरलं, पण त्याचा आनंद सांगायला पलीकडं कुणी नसतं.

पुढं एका छोट्या वर्तमानपत्रात तिच्याबद्दल छापून आलं. खतवाल्यानं मुद्दाम वर आणून दिलं. फोटो चांगला होता. खाली लिहिलं होतं की या क्षेत्राची प्रेरणा त्यांना इंदापूरच्या एका जुन्या गृहस्थांकडून मिळाली. जुने गृहस्थ! जुनं काय, गोदाम? नाव घ्यायला जीभ झिजत होती? मी ते पान दोनदा चुरगाळलं आणि दोनदा सरळ केलं.

यंदा श्रावण संपता संपता तिचा फोन आला. बारामतीत नवी मोठी जागा घेतलीय, उद्घाटन आहे, पहिल्याच दिवशी बायकांचं शिबिर आहे. “तात्या, यायचं. पयल्या रांगंत खुर्ची ठेवलीय.” मी म्हणालो, बघतो. फोन ठेवल्याबरोबर धोतर इस्त्रीला टाकलं.

बारामतीला उतरून आधी मंडईत गेलो. एका भाजीवालीला म्हणालो, “गवारीच्या चार शेंगा दे.”

“चार किलो?”

“चार शेंगा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “बाबा, चार शेंगा कोण इकतं? पाव तरी घ्या.”

“मला चारच लागत्यात. सरळ, कवळ्या, न मोडलेल्या.”

“घिऊन जा फुकट.”

“फुकट न्हाय. भाव सांग.”

“आता चार शेंगांचा काय भाव सांगू? सकाळच्या पारी डोकं नका खाऊ!”

अखेर मी पाव किलो घेतली, भाव पाडून घेतली, त्यातून चार निवडल्या आणि बाकीची तिथंच तिच्या ढिगावर परत ठेवली. ती शेजारणीला म्हणाली, “गरीब हाय बिचारा, पर येडा हाय.” मी शेंगा खिशात टाकल्या.

हॉल एसी होता. मी पहिल्या रांगेत बसलो नाही, शेवटच्या रांगेत बसलो. सुरेखा व्यासपीठावर उभी होती. मागं पडद्यावर माझे चार आकडे, मराठीत, ठळक : पोट, घर, भावकी, हौस. माझं डोकं तापायला लागलं. तिनं बायकांना सांगितलं, मोबाईलवर आकडा दाबा, नाव कुणालाच कळणार न्हाय. ना पंचा, ना शेंग, ना हाताची ऊब. मी उठून जाणार होतो.

मग मी बघितलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं मोबाईल घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि पदर ओढून मोबाईलवर घेतला. पदराखाली आकडा दाबला. तिच्या शेजारणीनंही तसंच केलं. बघता बघता सगळ्या हॉलभर पदर, ओढण्या, स्कार्फ मोबाईलवर आले. यंत्रानं नाव लपवलं होतं, तरी त्यांना कापड लागत होतं. मी परत खाली बसलो.

कार्यक्रम संपल्यावर बायका सेल्फी काढून, पेढे घेऊन गेल्या. ती मला शोधत मागं आली.

“पयली रांग रिकामी ठिवलीत की.”

“जुन्या गृहस्थांनी मागंच बसावं.”

ती मधे एक खुर्ची सोडून बसली. म्हणाली, “त्ये मी नाव सांगितलं हुतं, तात्या. त्येंनी लिवलंच तसं.”

“मग फोन करून झापायचं.”

“झापायला मला जमत न्हाय.”

मी खांद्यावरचा पंचा काढून मधल्या रिकाम्या खुर्चीवर पसरला आणि खिशातल्या चार शेंगा तिच्या हातावर ठेवल्या. पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. “बारामतीला का आलीस? एसटीचं सांगू नको.”

तिनं शेंगांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मूठ पंच्याखाली नेली, मोकळी केली, हात काढून मांडीवर ठेवला.

मी हात घातला. एक लागली, दुसरी लागली. तिसरी लागली तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. तीनवर माझी सगळी तयारी होती. एवढ्या महिन्यांचं भांडण जिभेवर येऊन बसलं होतं. मग करंगळीला चौथी लागली. मी तिचं टोक धरून देठापर्यंत बोट फिरवलं. मोडलेली असेल, अर्धी असेल. साडेतीनवरही भांडता आलं असतं.

अख्खी होती.

वर पंखा नव्हता, एसीचा नुसता आवाज येत होता. मी हात बाहेर काढला.

“काय तरी बोला तात्या,” ती म्हणाली. “शिव्या तरी द्या.”

“चारवर मी भाव करत न्हाय. तुला म्हाईत हाय.”

“म्हाईत हाय.”

पंचा झटकून मी खांद्यावर टाकला. शेंगा तिनं उचलल्या. जाता जाता तोंडातून आपोआप निघालं, इतक्या वर्षांची सवय : “मागची मेंढी कोणती?”

ती विचार करायला लागली नाही. तिच्याजवळ उत्तर तयार होतं. “मी कुणावर चिडतच न्हाय, तात्या. बाया थापा मारत्यात, मी हसती. फी बुडवत्यात, मी हसती. हितं तांब्या हाय माझ्याजवळ, पर त्यो सरकवायचा कुणाम्होरं?”

एवढंच म्हणालो, “मग तिच्या चालीनं चाल.” आणि एसटी चुकेल म्हणून निघालो. एसटी चुकणार नव्हती.

आता ती महिन्याकाठी एखादं गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवते. त्यांना सांगते, तुमच्यावर जरा ओरडायला पाहिजे, इंदापूरला जा. मी ओरडतो. फी घासाघीस करून घेतो. वर्तमानपत्रात नाव चुकलं त्याचा राग मी अजून सोडलेला नाही, तो माझा आहे, मी तो कुणाला स्वस्तात देणार नाही.

तांब्या मात्र मी अजून टेबलाच्या पलीकडच्या अंगालाच भरून ठेवतो. राग आला की हात पोचत नाही. उठावं लागतं, टेबलाला वळसा घालावा लागतो, त्या रिकाम्या खुर्चीशी उभं राहून पाणी प्यावं लागतं. तिथून आपलं गिऱ्हाईक जरा वेगळं दिसतं.